वहीतला आकडा आणि दंडातला दाब
(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा सारांश)



महाप्रसादापूर्वी रक्तदाबावर बोलायचे म्हणजे श्रोत्यांच्या संयमाची परीक्षाच. पण विषय आपल्या घरातला आहे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे ३५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. त्यामुळे नोएडा असो, गुरगाव असो की करोलबाग, कपाटात बी.पी.चे यंत्र नाही असे घर आता विरळाच. यंत्र आले, सोबत वहीही आली. मला आज बोलायचे आहे ते या वहीबद्दल.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांची वही अतिशय सुवाच्य. रोज १३०/८०, नाहीतर १२०/८०. डिजिटल यंत्रात शेवटी शून्य साधारण दहातून एकदा यावे. यांच्याकडे रोज शून्य! यंत्र मागवून मेमरीचे बटण दाबले, तर १५८, १४९, १४४ असे आकडे निघाले. ते सहज म्हणाले, "डॉक्टरसाहेब, जास्त आला की मी पुन्हा घेतो. चांगला येईल तो लिहितो. रात्री मुलगा फोनवर विचारतो, त्याला उगीच काळजी नको."

यात लबाडी नाही, माया आहे. परदेशातही असेच घडते. १९९० च्या दशकात तिकडच्या संशोधकांनी रुग्णांना मेमरी असलेली यंत्रे दिली, पण मेमरीचे सांगितले नाही. नंतर ताडून पाहिले, तेव्हा काही नोंदी गाळलेल्या, काही बदललेल्या आणि काही तर न मोजताच लिहिलेल्या आढळल्या.

पण गोळीचा डोस आम्ही वही पाहून ठरवतो. आकडा कमी लिहिला तर उपचार अपुरे पडतात आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना इजा होत राहते. याउलट काही मंडळी घाबरून फक्त चढलेलेच आकडे लिहितात. मग औषध वाढते, चक्कर येते आणि उतारवयात एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते. काहींचा दाब दवाखान्यातच चढतो, काहींचा दवाखान्यात नेमका शहाण्यासारखा वागतो. हा फरक घरच्या खऱ्या नोंदींतूनच कळतो.

आकडा प्रामाणिक असूनही चुकू शकतो. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर दाब जास्त दिसतो. अमेरिकेतील २०२३ च्या एका अभ्यासात, सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा पट्टा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी जवळजवळ २० ने जास्त आला. पाय दुमडून बसणे, हात लोंबता ठेवणे, मोजताना गप्पा मारणे, लघवी तुंबलेली असणे, यांनीही आकडा वाढतो.

म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस एवढे करा. सकाळी गोळी आणि नाश्त्यापूर्वी व संध्याकाळी, लघवीला जाऊन या. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, व्यायाम नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा. उघड्या दंडावर पट्टा, हात हृदयाच्या पातळीत टेबलावर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे जसेच्या तसे लिहा. पहिला दिवस सोडून उरलेल्या २४ नोंदींची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर दाब वाढलेला समजावा. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० ची असते.

आपल्या दिल्लीची आणखी एक गोष्ट. जानेवारीच्या थंडीत दाब चढतो, मे महिन्याच्या उन्हाळ्यात घाम जाऊन उतरतो. तेव्हा हिवाळ्यातला डोस उन्हाळ्यात तपासून घ्या. पण गोळी मनाने कमी करू नका. आणि १८०/१२० च्या वर दाब असून छातीत दुखत असेल, बोलणे अडखळत असेल किंवा हातापायातली शक्ती गेली असेल, तर वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.

मुलांनाही एक विनंती. "बाबा, आज किती?" असे विचारून मोठा आकडा ऐकल्यावर रागावू नका. घरात रागवणारे कोणी नसेल, तर वहीत खरे लिहिणे सोपे जाते. आणि भेटीला जाताना वहीबरोबर यंत्रही न्या.

मोदक जरूर खा. फक्त त्यानंतर लगेच बी.पी. मोजू नका!