कृपा नव्हे, हक्क : तंजावरच्या एका दाव्याची गोष्ट

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



यंदा आपली सहल तंजावरला गेली होती. दुसऱ्या सरफोजीराजांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास पाहून मुले हरखून गेली. नंतर राजवाड्यात मी त्यांना एका दाव्याची गोष्ट सांगितली. तीच आज आपल्यापुढे ठेवते.

सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे ऑक्टोबर १८५५ मध्ये निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केले आणि पुढच्या वर्षी राजांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या न्यायालयात दावा लावला. राज्य गेले तरी पतीची खासगी संपत्ती वारसांची आहे, हे त्यांचे म्हणणे. त्या न्यायालयाचे नाव ‘सुप्रीम कोर्ट’ होते आणि त्याने राणीसाहेबांच्या बाजूने निकाल दिला.

परंतु ते नावापुरतेच सर्वोच्च होते. अंतिम अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात असे. १८५९ साली तेथे हा निकाल फिरला. कंपनीने राजसत्ता म्हणून केलेली ही कृती आहे. ती न्याय्य की अन्याय्य, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असे ठरले. पुढे १८६२ साली मद्रास सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली. पण हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून.

आठवीतील एका मुलीने विचारले, “बाई, वस्तू परत मिळाल्या ना? मग काय बिघडले?”

त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या संविधानात आहे. १९४९ साली प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी अपिले बंद झाली आणि २८ जानेवारी १९५० रोजी आपले सर्वोच्च न्यायालय सुरू झाले. मुख्य न्यायमूर्ती हरिलाल कानिया यांच्यासह आरंभी आठ न्यायमूर्तींची तरतूद होती आणि कामकाज संसद भवनात चाले. स्वतःची इमारत १९५८ साली मिळाली. या न्यायालयापुढे अपिले तर येतातच. शिवाय मूलभूत हक्कावर गदा आली, तर अनुच्छेद ३२ अन्वये नागरिक थेट तेथे दाद मागू शकतो. डॉ. आंबेडकरांनी या अनुच्छेदाला संविधानाचा आत्मा मानले होते.

१९५४ साली तंजावरसारखाच प्रश्न तेथे आला. बुंदेलखंडातील चरखारी व सरीला संस्थानांच्या राजांनी दिलेली गावे उत्तर प्रदेश सरकारने काढून घेतली होती. नागपूरच्या उच्च न्यायालयातून तेथे गेलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी निकालपत्र लिहिले : संविधान आल्यानंतर ही माणसे नागरिक आहेत आणि स्वतःच्या नागरिकांविरुद्ध राजसत्तेची ती जुनी ढाल पुढे करता येत नाही. १९६४ साली मोठ्या खंडपीठाने बहुमताने या निकालाशी असहमती दर्शवली, हेही सांगितले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयातही विचार एका सरळ रेषेत पुढे जात नाही. मात्र तो उघडपणे, कारणे देऊन आणि विरोधी मत नोंदवून होतो.

आता थोडे स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतील काचसामान फुटल्याबद्दल मी एका मुलीला दंड केला. घरची परिस्थिती कळल्यावर तो माफ केला आणि मनातून स्वतःवर खूशही झाले. ती मात्र रडत म्हणाली, “बाई, माफी नको. माझे ऐकून घ्या. मी ते फोडलेच नव्हते.” चौकशी केली, तेव्हा तिचे म्हणणे खरे निघाले.

त्या दिवशी मला कामाक्षीबाईसाहेब खऱ्या अर्थाने समजल्या. दिलेली वस्तू परतही घेता येते; मान्य झालेला हक्क माणसाला ताठ उभे करतो. तेव्हापासून आपल्या शाळेत मुलाचे म्हणणे ऐकल्याशिवाय शिक्षा होत नाही. साठ वर्षांच्या या वास्तूत पुढेही हा नियम पाळला जावा, आणि तो मोडताना दिसला तर आपण मला जरूर विचारावे, एवढीच विनंती करते.