वनस्नान आणि देवराई



जपानच्या नागानो प्रांतात, किसो नदीच्या खोऱ्यात, आकासावा नावाचे अरण्य आहे. सरूच्या कुळातील हिनोकी नावाचे सुगंधी वृक्ष तेथे सुमारे तीनशे वर्षे उभे आहेत. १९८२ साली जपानच्या वनखात्याचे तत्कालीन प्रमुख तोमोहिदे आकियामा यांनी ‘शिन्रिन-योकू’ ही संकल्पना मांडली आणि तिचा पहिला मेळावा याच अरण्यात भरला. या शब्दाचा अर्थ वनस्नान. अरण्याच्या हवेत, गंधात आणि निःशब्दतेत न्हाऊन निघायचे. शिखर गाठायचे नाही, पावले मोजायची नाहीत. सावकाश चालायचे, वाटले तर बसायचे, एवढाच विधी.

कारखाने आणि कार्यालये यांत पिचलेल्या शहरवासीयांना अरण्याकडे वळवावे, हा त्यामागचा हेतू. तेव्हा त्याला वैद्यकीय पुरावा फारसा नव्हता. तो पुढे मिळू लागला. तोक्योतील निप्पॉन वैद्यकीय विद्यालयाचे डॉ. चिंग ली यांनी २००५ साली मोठ्या कंपन्यांतील १२ पुरुषांना तीन दिवस ईयामा येथील वनांत फिरवले. शरीरातील विषाणुबाधित व कर्कपेशींवर हल्ला करणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशींची क्रियाशीलता १२ पैकी ११ जणांत वाढलेली आढळली. वाढ सुमारे निम्म्याने होती. पुढील प्रयोगांत हा परिणाम काही अंशी महिनाभर टिकल्याचे दिसले. शहरात सहल केलेल्यांत मात्र तसे घडले नाही. वृक्ष कीड आणि बुरशीपासून आत्मरक्षणार्थ जी सुगंधी द्रव्ये हवेत सोडतात, ती ‘फायटनसाइड’, यामागे असावीत असा डॉ. ली यांचा कयास आहे. हॉटेलच्या बंद खोलीत रात्रभर हिनोकीच्या तेलाचा वास दरवळत ठेवूनही त्यांनी तो तपासून पाहिला.

त्याआधीचा एक अभ्यास अमेरिकेतला. रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी चाळल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. १९८४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ एका खिडकीचा हा फरक!

येथे सावधपणाही हवा. हे प्रयोग लहान आहेत, बहुतेक निरोगी माणसांवर झालेले आहेत. अरण्य मनाचा ताण हलका करते, रक्तदाब व नाडी काहीशी उतरवते, झोपेला मदत करते, इतके म्हणता येते. कर्करोग बरा होतो असे कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये आणि चालू औषध तर मुळीच सोडू नये. ‘हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊक होतेच’ असे म्हणून छाती फुगवण्याचेही कारण नाही. वानप्रस्थ ही आयुष्याची अवस्था होती, उपचारपद्धती नव्हे. आपल्या देशात उत्तराखंडच्या वनविभागाने राणीखेतजवळ कालिका येथे वनोपचार केंद्र उघडले, ते २०२१ मध्ये.

पूर्वजांचे ऋण आहे, पण ते वेगळे. आकासावाचे अरण्य उरलेच कसे, हे पाहिले की ते कळते. सतराव्या शतकात किल्ले आणि नगरे उभारण्यासाठी किसोचे खोरे ओरबाडले गेले. मग ओवारीच्या सरदारांनी वृक्षतोडीवर कडक बंदी घातली. एका हिनोकीला एक शिर, असा तो जरब बसवणारा नियम होता. इसे येथील देवस्थान दर २० वर्षांनी नव्याने बांधले जाते, त्याचे लाकूड आजही याच खोऱ्यातून विधिपूर्वक, मोजून आणले जाते. आज जे तेथे दीर्घ श्वास घेतात, ते त्या मोजूनमापून वागण्याचे फळ चाखत आहेत.

आपल्याकडे हे काम तलवारीने नव्हे, देवाच्या धाकाने झाले. सह्याद्रीच्या गावागावांतून देवराया राहिल्या. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचे डोंगर उघडे पडले असतानाही देवाच्या नावाने राखलेले तुकडे दाट होते. वाळकी काटकीही उचलायची नाही, अशी कित्येक ठिकाणी रीत. आज त्याच राया तुटत आहेत, आणि पुष्कळदा देवासाठीच! जुन्या कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचा सभामंडप हवा, फरशी हवी, गाडी दारापर्यंत जायला रस्ता हवा. खर्चाला पैसा कोठून आणायचा, तर रायीतले जुने वृक्ष विकून. मुंबई-पुण्याला नोकरीस गेलेली मंडळीच पुष्कळदा या जीर्णोद्धारासाठी आग्रही असतात, आणि ताण असह्य झाला की तीच एखाद्या रिसॉर्टवर हिरवाई विकत घेतात. सभामंडपाची वर्गणी मागायला गावचे लोक येतील तेव्हा रायीतली किती झाडे जाणार, एवढा प्रश्न त्यांना विचारता येईल.

काही गावांत देवराईच्या सीमेवर पादत्राणे काढून ठेवण्याची रीत अजून पाळली जाते. पायाखाली पाचोळा, मुळे आणि गारवा येतो. चाल आपोआप मंदावते, बोलणेही खाली येते.