मुजुमदार : एका आडनावाची भ्रमंती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मारतहळ्ळी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून काही विद्वत्तापूर्ण बोलावे अशी कार्यकारिणीची अपेक्षा होती. आमच्यापाशी विद्वत्तेचे भांडवल बेताचेच. म्हणून एका आडनावाची हकीकत सांगावी, असे आम्ही ठरविले. ही हकीकत आम्हांला एका जिन्यात सापडली.

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करण्यासाठी आम्ही चार मंडळी इथल्याच एका मोठ्या वसाहतीत दारांवरच्या पाट्या वाचीत हिंडत होतो. परमुलखात वर्गणी मागणाऱ्याला पाटी वाचण्याची विद्या अवगत करून घ्यावी लागते. 'कुलकर्णी' दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. ते धारवाडचे कानडी कुलकर्णी असण्याचा संभव निम्मा. 'देसाई', 'पाटील' यांचीही तीच कथा. परंतु 'मुजुमदार' ही पाटी दिसताच आमच्या सहकाऱ्याने निःशंक मनाने घंटा दाबली आणि अस्खलित मराठीत गणरायाचे निमंत्रण सुरू केले. दार उघडणाऱ्या बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि आत वळून बंगालीत यजमानांना हाक मारली! त्या सज्जनांनी वर्गणी तर दिलीच, शिवाय बशीभर संदेशही पुढे केले. पुढल्या वर्षी त्याच इमारतीत, दोन मजले वर, आणखी एक मुजुमदार निघाले. ते बडोद्याकडचे गुजराती. पाटीवरची इंग्रजी अक्षरे तिन्ही घरांची निराळी, आणि उच्चार तर त्याहून निराळे.

या गमतीला एक दुसरी बाजू आहे, आणि खरे तर तिच्यासाठीच आम्ही आज उभे आहोत. आपल्याच मंडळातील एक तरुण सभासद, आडनावाने मुजुमदार, आपल्या कन्येच्या बारशाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आला. कचेरीतील एका सहकाऱ्याने त्याला सांगितले होते की, तुमचे आडनाव आपले नव्हेच; ते अरबी आहे, मुलीच्या जन्मदाखल्यावर तरी ते घालू नका; 'अमात्य' लावा, नाहीतर गावाच्या नावाला 'कर' जोडून मोकळे व्हा. तो विनोदाने सांगू पाहत होता, पण शब्द त्याला लागला होता, हे दिसत होते. "काका, हे खरे का?" एवढेच त्याने विचारले. आम्ही त्या वेळी काहीतरी गुळमुळीत बोललो. ते राहिलेले उत्तर आज देत आहोत.

शब्द अरबी आहे, हे खरे. अरबीत ज-म-अ असा एक धातू आहे. त्याचा अर्थ गोळा करणे, एकत्र आणणे. जमा, जमाव, जमात, जमाबंदी हे आपले नित्याचे शब्द त्यापासूनच आले. शुक्रवारचा जुम्मा म्हणजे एकत्र जमण्याचा दिवस, आणि जामा मशीद म्हणजे सर्वांनी जमावयाची मशीद. अत्तरवाल्याकडे 'मजमुआ' नावाचे अत्तर मिळते; ते अनेक गंधांचे मिश्रण असते. हाच मजमुआ, म्हणजे एकत्र केलेली बेरीज; तो ज्याच्या हाती असतो तो मजमुआदार. 'दार' हा शेवटचा तुकडा मात्र फारसी आहे, 'बाळगणारा' अशा अर्थाचा. तेव्हा मुजुमदार म्हणजे साऱ्या जमाखर्चाचा एकत्र हिशेब ज्याच्यापाशी तो अधिकारी. येथे अरबस्तानातून आलेला कोणी पूर्वज नाही. येथे एक वही आहे, आणि ती सांभाळणारा एक कारकून आहे.

असे शब्द आपल्याकडे माणसांच्या रक्तातून आले नाहीत, ते दप्तरातून आले. देवगिरीचे यादवराज्य १३१८ साली संपले, १३४७ साली बहमनी राज्य उभे राहिले, आणि राज्यकारभाराची भाषा फारसी झाली. फारसीच्या खांद्यावर बसून अरबी शब्द दक्षिणेत उतरले. पण ते शब्द वापरणारी माणसे येथलीच होती. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात महसुलाचे हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत आणले आणि तो कारभार ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिला, असे फेरिश्ता हा इतिहासकार नमूद करतो. भाषा बदलली, हुद्द्यांची नावे मात्र राहिली. नवी वही आली तरी कपाटाचे नाव जुनेच राहावे, तसाच हा प्रकार.

आता बंधुभगिनींनो, या आडनावाचा आपल्या बंगळुराशी असलेला संबंध सांगतो. हा भाग आम्हांला स्वतःला फार प्रिय आहे. १६३८ साली रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी केंपेगौडाकडून बंगळूर घेतले, आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. आपण जेथे बसलो आहोत तेथून पश्चिमेला काही कोसांवर, आजच्या पेठेच्या परिसरात, त्यांचा दरबार भरत असे. (मारतहळ्ळी ही मुळात मराठ्यांचीच हळ्ळी, असे आपल्यातील काही उत्साही मंडळी छातीठोकपणे सांगतात; कोणी मारुतीकडे बोट दाखवितात, तर कोणी विमान कारखान्यात तयार झालेल्या 'मरुत' विमानाकडे. त्या वादात आम्ही शिरत नाही. आडनावाचाच गुंता आम्हांला पुरेसा आहे.)

कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस, आपल्या मुलखापासून शेकडो कोस दूर जिंजीच्या किल्ल्यात बसून, शिवचरित्राची बखर लिहिली. त्यात तो सांगतो की, बारा वर्षांचे शिवाजीराजे जिजाबाईंसह बंगळुरास आले, आणि शहाजीराजांनी त्यांना दादाजी कोंडदेवांबरोबर पुण्यास परत पाठविताना सोबत कारभारीही नेमून दिले. शामराव नीळकंठ पेशवे, बाळकृष्णपंत मुजुमदार, सोनोपंत डबीर, रघुनाथ बल्लाळ सबनीस ही त्यांची नावे. म्हणजे स्वराज्याच्या कारभाराची पहिली जुळणी बंगळुरात झाली. आणि शिवाजीराजांच्या पदरचे पहिले मुजुमदार या शहरातून पुण्याला गेले! आपण सारे पुण्याकडून बंगळुराकडे आलो. तो हुद्दा उलट्या दिशेने गेला होता.

हे बाळकृष्णपंत कोण? सभासद त्यांची ओळख नारोपंत दीक्षितांचे चुलतभाऊ अशी देतो. नारोपंत दीक्षित हणमंते हे शहाजीराजांचे विश्वासू कारभारी. त्यांचे पुत्र रघुनाथपंत हणमंते. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेक करवून घेतला, तेव्हा हुद्द्यांना संस्कृत नावे दिली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, आणि मुजुमदाराचा अमात्य. फारसी-अरबी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश'ही त्या काळात तयार झाला. त्याच्या रचनेत धुंडिराज व्यासांचा हात असला तरी तो ओळखला जातो याच रघुनाथपंतांच्या नावाने. ज्या हणमंते घराण्यातील एकाला बंगळुरात मुजुमदारी मिळाली, त्याच घराण्यातील पुढच्या पिढीच्या पुरुषाने मुजुमदारीला संस्कृत वस्त्र नेसविले. आमच्या तरुण मित्राच्या सहकाऱ्याने जी सूचना केली, ती साडेतीनशे वर्षांपूर्वी खुद्द छत्रपतींच्या दरबारात अमलात आली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

आणि पुढे काय झाले? अमात्यपद रामचंद्रपंतांच्या घराण्यात राहिले, आणि पंत अमात्य बावडेकर म्हणून ते घराणे प्रसिद्ध आहे. परंतु महाराष्ट्रभर पसरलेल्या परगण्यांत आणि पेशव्यांच्या दप्तरात मुजुमदार हा शब्द टिकून राहिला. राजाच्या शेजारी अमात्य, आणि तालुक्याच्या कचेरीत मुजुमदार, अशी ती वाटणी झाली. पेशवाईत प्रांताच्या मामलतदारावर नजर ठेवण्यासाठी वंशपरंपरेने आठ दरकदार असत. मामलतदाराला त्यांना काढून टाकण्याचा अधिकार नसे. दिवाणाने पत्रांवर आपली निशाणी करावयाची. मुजुमदाराने सनदा आणि हिशेब पाहून मंजूर करावयाचे. मगच ते फडणिसाकडे जावयाचे. फडणिसाने तारीख घालून रोजकीर्द लिहावयाची, आणि पोतनिसाने रोख शिल्लक सांभाळावयाची. आजच्या भाषेत मुजुमदार म्हणजे हिशेबतपासनीस. आणि पाहा, 'हिशेबतपासनीस' या शब्दातला हिशेब अरबी, शेवटचा 'नीस' फारसी! दर वर्षी सर्वसाधारण सभेत आपण हे पद टाळ्यांच्या गजरात भरतो. तेव्हा कोणाच्याही मनात शंका येत नाही.

कचेरीचा हुद्दा वतन झाला, वतनाचे आडनाव झाले. पुण्याच्या कसबा पेठेतील सरदार मुजुमदारांचा वाडा, तेथील गणेशोत्सव आणि संगीताचे थोर रसिक आबासाहेब मुजुमदार यांचे नाव येथील ज्येष्ठांना सांगावयास नको. परगणे आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, आडनावे राहिली.

आता आमच्या बंगाली शेजाऱ्यांकडे वळतो. बंगाल १५७६ साली मोगलांकडे गेला. तेथेही तोच फारसी कारभार, तोच हुद्दा. भवानंद मजुमदार हा नदियाच्या राजघराण्याचा मूळपुरुष. जहांगिराच्या काळात त्याचा उत्कर्ष झाला, आणि भारतचंद्राच्या 'अन्नदामंगल' या काव्यात त्याची कथा आली आहे. त्याच सुमारास लक्ष्मीकांत यास मजुमदार ही पदवी मिळाली. तो सावर्ण रायचौधुरी घराण्याचा. १६९८ साली सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता या तीन गावांचे हक्क इंग्रजांनी तेराशे रुपयांस घेतले, ते याच्याच वंशजांकडून. १९१६ च्या लखनौ काँग्रेसचे अध्यक्ष अंबिकाचरण मजुमदार फरीदपूरचे; लोकमान्य टिळक सुरतेच्या फुटीनंतर ज्या अधिवेशनाने काँग्रेसमध्ये पुन्हा मानाने आले, ते हेच. इतिहासकार रमेशचंद्र मजुमदारही तिकडचेच. बंगालमध्ये हे आडनाव ब्राह्मण, कायस्थ, वैद्य अशा निरनिराळ्या जातींत सापडते. आसामच्या बराक खोऱ्यात आणि बांगलादेशात ते मुसलमान घरांतही आहे.

गुजरातेत देसाई, अमीन आणि मजमुदार ही परगण्याच्या वतनदारांची त्रयी. 'मजमुदार' हे तिकडले रूप मूळ अरबी शब्दाच्या सर्वांत जवळ राहिले आहे. बंगाल्याने त्याचा 'मोजुमदार' केला, आणि आपण पहिल्याच अक्षराला उकार देऊन त्याला आपल्या तोंडाचा आकार दिला. ज्या किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ साली याच शहरात 'बायोकॉन' स्थापिली, त्या मूळच्या गुजराती घरातील. उलट मुंबईच्या मैदानावर वाढलेले अमोल मुजुमदार हे २०२५ साली विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या महिला क्रिकेट संघाचे प्रशिक्षक. त्या रात्री आमच्या इमारतीतील तिन्ही मुजुमदारांनी त्यांच्यावर आपापला हक्क सांगितला.

हक्क सांगावा, परंतु नाते सांगू नये. ही तीन घरे एका झाडाच्या तीन फांद्या नव्हेत. एकच हुद्दा तीन कचेऱ्यांत होता, म्हणून एकच नाव तीन दारांवर आले. आडनावावरून वंशावळ काढू पाहणारे येथेच फसतात. मुजुमदार या नावावरून जात कळत नाही, धर्म कळत नाही, भाषाही कळत नाही. कोणे एके काळी घरातल्या कोणाचा तरी हिशेब चोख होता, इतकेच कळते. तेही उदार मनाने गृहीत धरावे लागते.

भाषाशुद्धीच्या अभिमान्यांशी आमचे भांडण नाही. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतील शब्द मोजून दाखविले की, शिवकाळापासून मराठीतील फारसीचा भर कसा उतरत गेला; तो अभ्यास आजही वाचण्याजोगा आहे. माधव जूलियन यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कैवारी झाले. शब्द निवडण्याचा अधिकार लेखकाला असतोच. परंतु आडनाव हा वाक्यातला शब्द नाही. तो बदलला तर आजोबांची सही, शाळेचा दाखला, सातबाराचा उतारा, सारेच एकमेकांना अनोळखी होतात. आणि शुद्धीचा हिशेब मांडावयाचाच, तर फडणीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस, पारसनीस, इनामदार, मिरासदार, सुभेदार या साऱ्यांना रांगेत उभे करावे लागेल. आपल्या सभासदांच्या वहीची निदान दोन पाने रिकामी होतील, आणि चिटणीसपद तर मंडळाच्या घटनेतूनच खोडावे लागेल!

आमचा तरुण मित्र आज सभागृहात सपत्नीक बसला आहे. कन्येच्या दाखल्यावर त्याने काय लिहिले, हे आम्ही त्याला विचारलेले नाही. तो त्याचा आणि त्याच्या पत्नीचा अधिकार आहे. परंतु त्याच्या वडिलांकडे, सांगली जिल्ह्यातील घराच्या माळ्यावर, मोडी कागदांची एक पेटी आहे असे त्याने बोलता बोलता सांगितले, आणि ती कोणी वीस वर्षांत उघडलेली नाही हेही सांगितले. ही गोष्ट आम्हांला दाखल्याहून अधिक काळजीची वाटते. वाळवी मुजुमदाराचाही हिशेब ठेवीत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी पेटी, रुमाल अथवा एखादा सुटा कागद असेल, त्यांनी येत्या सुटीत तो खाली काढावा आणि त्याची छायाचित्रे घेऊन यावीत. मोडी वाचू शकणारे दोन ज्येष्ठ सभासद आपल्या ग्रंथालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी बसावयास तयार आहेत. आमच्या बंगाली मित्रांनी ही वार्ता ऐकून विचारले आहे की, त्यांच्या आजोबांनी पूर्व बंगालमधून येताना आणलेले कागद चालतील काय. आम्ही होकार दिला आहे. वाचणारा मात्र त्यांनी आपला आणावा, अशी अट घातली आहे.