मोकळ्या दुपारी गोधडी


नोकरीची धावपळ आता कमी झाली असेल.
दुपार थोडी मोकळी मिळत असेल.
मग कपाटातल्या जुन्या साड्या बाहेर काढा.
आज बोलू या गोधडीविषयी.

गोधडीला हवं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड.
नव्या कापडात खळ असते.
सुई अडते, बोटं दुखतात.
जुन्या कापडातून ती सहज जाते.

साड्या जमिनीवर एकावर एक पसरा.
सुरकुत्या हातानं सारख्या करा.
मोठे कच्चे टाके घाला, म्हणजे थर सरकत नाहीत.

आता धावदोरा.
कडेपासून सुरुवात करा.
फेऱ्या घेत घेत मध्यापर्यंत या.
दोरा फार ओढू नका, कापड गोळा होतं.
आईची साडी आणि लेकीचं परकर-पोलकं एकाच गोधडीत येतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

उजव्या हातानं शिवत असाल, तर उजेड डावीकडून येऊ द्या.
डोळे थकले, की सुई ठेवा.


पुन्हा सांगते, कापड जुनं, सुती आणि धुतलेलंच घ्या.
आणि पहिली गोधडी लहानच करा, तान्ह्या बाळापुरती.