मुठीतले सौंदर्य

श्रोते हो, आपल्या मराठीत ‘मूठ’ हा एक शब्द दोन कामे करतो. वळलेल्या हातालाही आपण मूठ म्हणतो आणि सुरी, तलवार, कोयता ज्या भागाला धरून उचलायचा, त्यालाही मूठच म्हणतो. धरणारा आणि धरले जाणारे, दोघांना एकच नाव! सुरीची मूठ सुंदर कधी म्हणायची, या प्रश्नाचे अर्धे उत्तर भाषेने असे आधीच देऊन ठेवले आहे. हाताची मूठ आणि सुरीची मूठ यांत अंतर जाणवेनासे होते, तेव्हा.

आपल्या स्वयंपाकघरात हा प्रश्न तसा उशिरा आला. पिढ्यान्‌पिढ्या आपली भाजी विळीवर चिरली गेली आणि विळीला मूठच नसते. पाते जागच्या जागी स्थिर, पाट पायाखाली दाबलेला आणि दोन्ही हात भाजीला मोकळे. स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर आला, तशी विळी मागे पडली आणि सुरी हातात आली. सुरी घेताना आपण धार पाहतो, गंजेल का म्हणून विचारतो. मुठीचा मात्र फार तर रंग पाहतो. वास्तविक पाते लागते ते भाजीला. आपल्या हाताला लागते ती मूठच.

हात वस्तू धरतो तरी कसा? जॉन नेपियर या ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञाने १९५६ साली या विषयावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी हाताच्या मुख्य पकडी दोन सांगितल्या. एक बळाची, हातोडा धरतो तशी. तळवा आणि सगळी बोटे मिळून. दुसरी नेमकेपणाची, लेखणी धरतो तशी. अंगठा आणि बोटांची टोके यांच्यात. सुरीचे काम या दोहोंच्या मधले. सुरण कापायला बळ हवे, मिरचीचे देठ काढायला नेमकेपणा. म्हणून चांगली मूठ हाताला जखडून ठेवत नाही, पकड बदलू देते.

काही सुऱ्यांना बोटांच्या मापाच्या खाचा पाडलेल्या असतात. दुकानात त्या फार विचारपूर्वक केलेल्या वाटतात. पण त्या खाचा कुणाच्या बोटांच्या? दुसऱ्याच्या हातात खाचेचा उंचवटा नेमका बोटाखाली येतो आणि टोचू लागतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार-आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने २००४ साली हातहत्यारे निवडण्याविषयी एक पुस्तिका काढली. मुठीला धारदार कडा आणि बोटांच्या खाचा नसाव्यात, असे तीत स्पष्ट सांगितले आहे. बळाच्या कामासाठी मुठीची जाडी सव्वा ते दोन इंच असावी आणि लांबी पंजाच्या रुंदीपेक्षा जास्त असावी, हेही त्यातच आहे. आखूड मुठीचे टोक तळव्याच्या मऊ भागात रुतते आणि दिवसभराच्या कामाने हात बधिर होतो.

आता आकार पाहू. पूर्ण गोल मूठ हातात फिरते आणि धार कोणत्या बाजूला आहे हे पाहावे लागते. लांबट गोल, अंड्याच्या छेदासारखी मूठ असली, की न पाहताही धारेची दिशा हाताला कळते. मधे किंचित फुगीर, म्हणजे तळव्याची पोकळी भरते. तर्जनीपाशी जरा बारीक, म्हणजे बोटांचा विळखा घट्ट बसतो. शेवटी थोडी खाली झुकलेली, म्हणजे ओल्या हातातूनही ती मागे निसटत नाही. या तिन्ही गोष्टी साधल्या, की मुठीला जी वळणदार रेघ येते, तीच डोळ्यालाही देखणी दिसते. ती रेघ निव्वळ शोभेसाठी काढलेली नसते. हाताच्या गरजेतून उमटलेली असते.

मागणीनुसार हाताने सुऱ्या घडवणारे कारागीर जगभर आहेत. अमेरिकेतले बॉब लव्हलेस त्यांत फार मानले गेले; २०१० साली ते वारले. पात्याचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत न्यायचे, दोन्ही बाजूंना पट्ट्या बसवायच्या, पण आतले पोलाद मागे जाताना पातळ करत न्यायचे, ही पद्धत त्यांच्यामुळे लोकप्रिय झाली. करायला ती कष्टाची. मग हा खटाटोप कशासाठी? तर वजनासाठी. मूठ जड झाली, की सुरीचे टोक उचलल्यासारखे वाटते. पाते जड झाले, की मनगट सतत ओढले जाते. तोल तर्जनीपाशी आला, की वजनाची जाणीवच राहत नाही. पाहणाऱ्याला मात्र मुठीच्या पाठीवर निमुळती होत गेलेली एक चंदेरी रेघ तेवढी दिसते.

मूठ कशाची असावी, यावरही रसिकांत वाद आहेत. जपानी आचाऱ्यांच्या सुरीला ‘होनोकी’ नावाच्या हलक्या लाकडाची, बहुधा अष्टकोनी मूठ असते. ती साधी दिसते, पण ओल्या हातात घसरत नाही आणि झिजली की बदलता येते. फिनलंडच्या ‘पुक्को’ सुरीला भूर्ज वृक्षाच्या सालीचे थर एकावर एक दाबून मूठ करतात. कडाक्याच्या थंडीतही ती हाताला गार लागत नाही. आपल्याकडे शिसवी दिसायला राजस, तर हत्यारांच्या दांड्यांना बाभूळ आणि धामण. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक, घावाचा हादरा सोसणारे. हस्तिदंताची मूठ एके काळी वैभवाची खूण होती. १९८९ साली हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला आणि ते योग्यच झाले. हत्तीचा जीव घेऊन आलेली मूठ हाताला सुखाची कशी वाटावी?

लाकडी मुठीला काचेसारखी चकाकी मात्र देऊ नये. दुकानातल्या दिव्याखाली ती खुलते आणि ओल्या हातात दगा देते. जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. ते तेल हवेत सुकून घट्ट होते, लाकडात मुरते आणि स्पर्श कोरडा राहतो. शेंगदाण्याचे तेल तसे सुकत नाही, चिकट होते.

सुखाची मूठ म्हणजे हौशी लोकांचे चोचले, असे कुणी म्हणेल. पण १९९० साली अमेरिकेत सॅम फार्बर या उद्योजकाने ‘ऑक्सो’ची जाड, मऊ मुठींची स्वयंपाकाची साधने बाजारात आणली, त्यामागे कारण होते पत्नीच्या हाताचा संधिवात. साल काढायचे साधे सोलाणे त्यांच्या पत्नीला धरवत नव्हते. दुखऱ्या हातासाठी केलेली ती मूठ धडधाकट हातांनाही आवडली आणि घरोघर गेली.

आपल्याकडे ऊसतोडणीला जाणाऱ्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने! त्या कोयत्याची मूठ मात्र बहुधा सगळ्यांना एकाच मापाची. नवऱ्याच्या पंजाला तीच आणि बायकोच्या पंजालाही तीच. कामाच्या हत्यारांच्या मुठींवर चिंधी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आपण पाहतो. ती पट्टी म्हणजे वापरणाऱ्याने करणाऱ्याकडे नोंदवलेली तक्रार आहे. ती आपण वाचत नाही, एवढेच. अंगावरच्या कपड्याचे माप घेतले जाते. जो हात दिवसभर राबतो, त्याचे माप कुणी घेत नाही.

तेव्हा श्रोते हो, सुरी घ्यायला जाल तेव्हा एवढे करा. डोळे मिटून ती हातात धरा. धार कुठे आहे ते कळते का, कुठे टोचते का, टोक वर जाते की खाली ओढते, हे हातालाच विचारा. आणि आणखी एक. सुरी विकत घेणारा हात आणि रोज ती चालवणारा हात पुष्कळ घरांत वेगवेगळे असतात. ज्या हाताला ती चालवायची आहे, त्यालाच दुकानात बरोबर न्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)