घरच्या माणसाला पगार दिला, तर कर वाचतो का?

मार्च जवळ आला की हा प्रश्न येतोच.

शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त. तुमची कमाई फक्त द्राक्षबागेची असेल आणि मुलाला महिना २०,००० पगार दिला, तर तुमचा वाचायला करच नाही. त्याच्या हातात मात्र ते २,४०,००० पगाराचं उत्पन्न होतं, शेतीचं नव्हे. त्याची इतर कमाई असेल तर त्यात मिळवतात.

गोठ्याचं वेगळं. दूधधंदा आयकराच्या लेखी शेती नाही, व्यवसाय आहे. तिथे घरच्यांची मजुरी खर्चात धरता येते. पण काम खरं हवं, दर गावात चालतो तोच हवा, आणि एका दिवसात एकाला १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत.

आता बायकोचं. पहाटे धारा ती काढते. पण धंदा नवऱ्याचा आणि तिच्याकडे त्या कामाचं तांत्रिक शिक्षण नसेल, तर तिचा पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. म्हणजे कर वाचत नाही. तरी पगार तिच्या खात्यात टाकाच. कष्ट तिचे आहेत, त्याला कराचं निमित्त कशाला?

भेटू पुढच्या भागात.