प्रोसिजर कुणाच्या नावावर चालते?

आज डेटाबेसच्या परवानग्यांबद्दल बोलायचंय. विषय ऐकून लगेच पुढचा एपिसोड लावू नका, कारण कामात मायएसक्यूएल असेल तर एरर नंबर १४४९ कधी ना कधी तुमच्याही स्क्रीनवर येऊ शकतो.

तो म्हणतो, डिफायनर म्हणून दिलेला युजर अस्तित्वातच नाही. आता गंमत बघा. तुमचं लॉगिन झालंय, टेबल दिसतंय, सिलेक्ट व्यवस्थित चालतंय. मग नाही तो कोण?

तर, मायएसक्यूएलमध्ये प्रोसिजर बनवली की तिच्यासोबत एका युजरचं नाव साठवलं जातं. वेगळं काही लिहिलं नाही तर बनवणाऱ्याचंच. तो डिफायनर. आणि मुद्दाम बदललं नसेल तर प्रोसिजर त्याच्या परवानग्यांवर चालते, कॉल करणाऱ्याच्या नाही. कुलमुखत्यारपत्रासारखं समजा. देणारा माणूस वारला की कागद हातात असून उपयोग नाही.

मी पाहिलेली केस एका पतसंस्थेची. तिमाही व्याज जमा करणारी प्रोसिजर आधीच्या डेव्हलपरच्या वैयक्तिक अकाउंटवरून बनलेली. तो फेब्रुवारीत नोकरी सोडून गेला, त्याचं अकाउंट डिलीट केलं. तेही बरोबरच, गेलेल्या माणसाचं लॉगिन ठेवायचं कशाला? पण ही प्रोसिजर तीन महिन्यांतून एकदा चालणारी. त्यामुळे कळलं थेट ३१ मार्चला, संध्याकाळी. दुसऱ्या दिवसापासून ठेवीदार पासबुक भरायला येणार, त्यातले बरेच पेन्शनवाले, व्याजावर घर चालवणारे. क्लार्क ताईंचा पहिला प्रश्न होता, "सर, अर्ध्यांचं व्याज जमा झालं आणि अर्ध्यांचं राहिलं, असं तर नाही ना?"

एकदम रास्त प्रश्न. उत्तर होतं, नाही. प्रोसिजरचा स्वतःचाच डिफायनर हरवलेला असेल तर आतली एकही ओळ चालत नाही. आतल्या टेबलवरच्या ट्रिगरचा डिफायनर हरवला असता तर मात्र प्रोसिजर मधेच अडकली असती. तरी आम्ही नोंदी मोजून खात्री केलीच.

मग सल्ले सुरू झाले. पहिला नेहमीचा: "ॲपच्या युजरला ग्रँट ऑल देऊन टाका." हा सल्ला मला मनापासून आवडत नाही, पण इथे तो चालतही नाही. कॉल करणाऱ्याला कितीही परवानग्या द्या, नसलेला डिफायनर त्यामुळे जिवंत होत नाही. दुसरा सल्ला: त्याच नावाचं अकाउंट पुन्हा बनवा. परवानग्यांसकट बनवलं तर हे चालतं, आणि म्हणूनच धोक्याचं आहे. त्या नावावरचे जुने व्ह्यू, ट्रिगर, इव्हेंट सगळे पुन्हा जागे होतात, न तपासता.

आम्ही आधी इन्फर्मेशन स्कीमामध्ये रूटीन्स, व्ह्यूज, ट्रिगर्स आणि इव्हेंट्स या चारही ठिकाणी डिफायनरचा कॉलम पाहिला. एकच ठिकाण पाहून थांबू नका, बरं का. मग एक सर्व्हिस अकाउंट बनवलं, लागणाऱ्या टेबलांपुरत्याच परवानग्या दिल्या आणि ते लॉक केलं. लॉक केलेल्या अकाउंटने लॉगिन होत नाही, पण डिफायनर म्हणून ते चालतं. फार कामाची सोय आहे ही.

पुढचा टप्पा थोडा किचकट. ऑल्टर प्रोसिजरने डिफायनर बदलता येत नाही. शो क्रिएट प्रोसिजरने मजकूर काढून ठेवायचा, ड्रॉप करायची, नव्या डिफायनरसह पुन्हा बनवायची. तेव्हाचा एसक्यूएल मोडही तिच्यासोबत साठवला जातो, म्हणून तो जुनाच आहे ना हे बघा. आणि प्रोसिजर ड्रॉप केली की तिच्यावर दिलेल्या एक्झिक्यूटच्या परवानग्याही जातात! १४४९ गेला म्हणून चहा प्यायला जाल, तोवर १३७० येऊन बसलेला असेल. म्हणजे एक्झिक्यूटची परवानगी नाही. म्हणून कुणाकुणाला परवानगी होती याची यादी ड्रॉप करण्याआधीच काढली आणि नंतर तेवढ्यांनाच परत दिली.

चाचणी रूटने करू नका. रूटला सगळं चालतं, त्यातून काही कळत नाही. आम्ही आधी कॉपीवर, ॲपच्याच युजरने चालवून पाहिली. खऱ्या डेटावर व्याज जमा झालं तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते.

तुमच्याकडे ८.०.२२ किंवा नंतरची आवृत्ती असेल तर डिफायनर असलेला युजर ड्रॉप करताना मायएसक्यूएल स्वतःच अडवतं. पण रूटसारख्या खास परवानगीच्या अकाउंटला फक्त वॉर्निंग येते, आणि युजर ड्रॉप करणारा बहुतेक वेळा रूटनेच आलेला असतो. म्हणून कुणी नोकरी सोडतोय कळलं की आधी ती चार ठिकाणं पाहा, मग अकाउंट काढा.

पुढच्या भागात नॉट इनच्या यादीत एक नल शिरला की रिपोर्ट रिकामा का येतो, ते बघू. भेटूच!